रोजचं काऊन

"पोरगी पुस्तक घेऊन बसली का तिच्याजोळ बसजो, गीता. समजो का न समजो, मधात मधात 'काऊन' म्हणून विचारजो. सोडजो नको."

हे माझ्या सासऱ्यांचे, नारायणरावांचे शब्द. मामाजी खाटेवर पडून होते. बोलताना धाप लागत होती. तरी माझा हात धरून त्यांनी एवढंच सांगितलं. शेताचं नाही, घराचं नाही. मी म्हटलं, "हाव मामाजी." त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

मामाजी स्वतः चौथी शिकलेले. पण 'काऊन', म्हणजे 'का', विचारल्याशिवाय त्यांच्या घशाखाली कोणतीच गोष्ट उतरत नसे. एसटी उशिरा आली, काऊन? यंदा चिंचेला बार कमी, काऊन? एकदा कीर्तनात उभे राहून बुवांनाच विचारलं, आणि बुवांनी चिपळ्या खाली ठेवून उत्तर दिलं. आमच्या धामणगाव बढ्यात लोक त्यांना माघारी 'काऊनबुवा' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. आवडतही होतं. नात शाळेतून आली की तिला ओसरीवर समोर बसवायचे आणि तिच्या एकेका धड्याला काऊन लावायचे. नात म्हणजे माझी छकुली. दाखल्यावर तिचं नाव वेगळं आहे, पण त्या नावानं तिला हाक मारली तर ती स्वतःच मागे वळून पाहते, कोणाला बोलावलं म्हणून.

त्यांचं आणखी एक म्हणणं होतं. "सोळा आणे कोणाचंच नसते, बेटा. चार आणे देवाचे सोडून दे. पण बारा आणे तरी आपले पाह्यजे."

छकुली मलकापूरला बी.एस्सी.ला जाऊ लागली आणि त्याच वर्षी दिवाळीच्या आत मामाजी गेले. पहिल्या सेमिस्टरला पोरीचं चित्तच नव्हतं. आता कॉलेजात टक्के नसतात, दहापैकी किती ते सांगतात. तिला पाचाच्या थोडे वर मिळाले. निकाल पाहून ती रडली नाही. देवघरासमोर आली, बाजूच्या मामाजींच्या फोटोकडे पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "आई, कॉलेज सुटायच्या आत सगळे मिळून साडेसात करीन. दहातले साडेसात म्हणजे आबाचे बारा आणे."

शेजारच्या अंबूबाई तेव्हा कढीपत्ता मागायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "साडेसात कायले वं? आठ माग, नाही तं सात माग. साडेसात म्हणजे शनीचं झालं!"

छकुली हसली. मी हसले नाही. त्या शनिवारपासून मारुतीला तेल घालू लागले.

माझे नेम तसेही पुष्कळ. पहाटे आंघोळ करून तुळशीला पाणी, मग पोथीचा एक अध्याय, गुरुवारी महाराजांचा उपवास, सांजेला दिवा लावून स्तोत्र. माझा आवाज मुळातच लहान. पिठाच्या गिरणीवर माझं सांगणं ऐकू जात नाही, म्हणून गिरणीवाला डब्याकडे पाहूनच समजून घेतो. देवाला मात्र हळू बोललेलं ऐकू येतं, हा माझा विश्वास आहे.

मामाजींना दिलेला शब्द मी नेमासारखाच पाळला. सांजेला दिवा लावला की मी चुलीपाशी भाकरी थापायला बसायची आणि छकुली समोर पाटावर, मांडीवर पुस्तक घेऊन. तिनं मोठ्यानं सांगायचं, मी थापता थापता ऐकायचं. समजलं नाही की माझा हात परातीवर आपोआप थांबे आणि तोंडातून येई, "काऊन?"

"आई, साबणानं तेलकट डाग निघते."

"काऊन?"

"कारण साबणाच्या कणाले दोन टोकं असतात. एकाले पाणी आवडते, दुसऱ्याले तेल."

"अन् मग मधातल्याची ओढाताण होत असंन."

"तुझ्यासारखी. इकडं सासर, तिकडं माहेर." असं म्हणून ती पुस्तकात खूण करी आणि स्वतःशीच पुटपुटे, "हे चांगलं आहे, हे पेपरात लिहीन." तसं लिहिलं की नाही, देव जाणे. पण दुसऱ्या सेमिस्टरपासून तिचे गुण चढत गेले.

शेवटचं सेमिस्टर सुरू झालं तेव्हा आधीच्या पाचांची सरासरी सात पूर्णांक तीनवर आली होती. छकुलीचे बाबा म्हणाले, "मग काय! दोनच तं पॉइंट राह्यले."

"बाबा, तुमच्या डेअरीचं सांगते," छकुली म्हणाली. "पाच दिवस दुधाले सात-तीन फॅट लागलं. सहा दिवसाची सरासरी साडेसात पाह्यजे. तं सहाव्या दिवशी किती लागलं पाह्यजे?"

ह्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले. आमच्या घरात एक म्हैस, चंद्री, आणि तिच्या फॅटवर ह्यांचा दिवसाचा मूड. मिनिटभरानं डोळे उघडून म्हणाले, "साडेआठ! अबाबाबा! चंद्रीले सरकी चारली तरी नाही लागत एवढं."

तेव्हा कुठे आम्हा दोघांना कळलं, पोरीनं केवढा डोंगर मनात धरलाय ते.

माझी चूक इथेच झाली. दुसऱ्या दिवशी अंबूबाईंना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग काही कडक धर ना वं. उपवास तं तू करतेच. मौन धर. दिवा लागल्यापासून जेवणं होईलोक तोंड उघडू नको. देवालेही पोचते, अन् पोरीच्या अभ्यासाले घरात शांतता."

मला ते पटलं. गुरुवारी महाराजांच्या फोटोसमोर पाणी सोडून संकल्प केला: छकुलीचा निकाल लागेपर्यंत रोजचं सांजमौन. पाणी ताम्हनात पडलं आणि मला फार बरं वाटलं. काहीतरी मोठं पोरीच्या नावानं बाजूला काढून ठेवल्यासारखं.

ह्यांना कळलं तेव्हा म्हणाले, "तुझं मौन? कळाले आम्हाले आठ दिवस लागतीन!"

छकुलीनं माझ्याकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं. पहिले काही दिवस ती समोर बसून वाचत राहिली. मी भाकरी थापत राहिले. मध्येच ती थांबायची, मान वर करायची, मी हसून मान हलवायची. मग हळूहळू ती पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जाऊ लागली. मला वाटलं, शांतता हवी असेल. माझं मौन कामी येतंय.

दिवसा बोलायला सवडच कुठे होती? सकाळी मलकापूरच्या गाडीची घाई, डबा, केस विंचरणं. ती परत येई तोवर सूर्य कलता. रविवारी मी हरभऱ्यात, ती कपडे आणि प्रॅक्टिकलच्या वहीत.

एके दिवशी तिची मैत्रीण राखी तिच्यासोबत घरी आली. दिवा नुकताच लागला होता. छकुली हातपाय धुवायला मागे गेली तशी राखी माझ्याजवळ सरकली. "काकू, हिले काय झालं हो? आज सेमिनार होता. सगळं फाडफाड सांगितलं हिनं, पण मॅडमनं एका जागी 'का' म्हणून विचारलं तं ही गप्प! चाचणीतही कमी पडले. पहिले तं हीच आम्हाले काऊन विचारून विचारून पागल करे. तुमच्याजोळ बोलली का काही?"

माझ्या तोंडात शब्द आले. ओठापर्यंत आले. मी पदर तोंडाला लावला. राखीनं माझ्याकडे पाहिलं, मग कपाळाला हात लावला. "अरे देवा, तुमचं मौन आहे ना! सॉरी काकू."

छकुलीनं मला चाचणीचं सांगितलं नव्हतं. का नाही, ते मला लगेच समजलं. तिच्यासाठीच धरलेला नेम. 'आई, तुझ्या नेमानं माझं बिघडतंय' असं कोणत्या तोंडानं म्हणेल ती?

दुसऱ्या दिवशी सांजेला धारेची दुसरी बादली ह्यांना द्यायला मी गोठ्याकडे गेले. दाराशीच थांबले. आत छकुली गव्हाणीवर बसली होती, मांडीवर पुस्तक, आणि चंद्रीला सांगत होती.

"हे पाह्य चंद्रे. जगात सगळं आपोआप पसाऱ्याकडं जाते. रांगोळी फुकली का पसरते, पण पसरलेली रांगोळी फुकून काही कमळ होत नाही. म्हणजे पसारा वाढत जाते. याले मोजता येते." ती थांबली. चंद्रीनं कान हलवला. छकुली म्हणाली, "विचार ना. काऊन म्हण ना वं माय."

ह्यांनी धार काढता काढता म्हैशीच्या पोटाआडून आवाज दिला, "तिले फक्त ढेप विचारता येते. काऊनचं खातं तुझ्या मायकडं आहे."

"तिचं मौन आहे ना बाबा."

"मग मी म्हणतो. काऊन?"

"तुम्ही ऐकलं तरी का काय म्हटलं ते?"

"नाही," हे म्हणाले. "धार काढून राह्यलो ना मी."

दोघंही हसले. मग छकुलीनं चंद्रीच्या गळ्यावर हात फिरवला. "चालते. तू ऐकते हेच लई झालं. साडेसात झाले तं पुरणाची पहिली पोळी तुले. वचन."

"अन् बापाले?"

"तुम्हाले दुसरी."

मी दारात उभी होते. रांगोळीचं ऐकून माझ्या मनात एक गोष्ट आली होती, अगदी जिभेच्या टोकावर. ती गिळली. बादली दाराशी ठेवली, कडी वाजवली आणि परत फिरले. मागून काहीतरी हाक आली, मी वळले नाही. डोळे भरले होते, ते दाखवायचे नव्हते.

पुढच्या दुपारी, मौन नसताना, मी अंबूबाईंकडे गेले. त्या पापड वाळत घालत होत्या. "अंबूबाई, धरलेलं मौन मधात सोडता येते का?"

त्यांचा हात पापडावरच राहिला. "पाणी सोडलं ना? मग कसं सोडता येईन? कोणाच्या नावानं धरलं?"

"छकुलीच्या."

"मग तिच्यावरच येईन ना वं ते! असं इपरीत मनात आणू नको."

मी घरी आले. महाराजांसमोर बसले. एका बाजूला त्यांना दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला मामाजींना दिलेला. मामाजींचा आधीचा. महाराजांचा मोठा. मोडावा तर पोरीच्या गुणांवर येईल, पाळावा तर पोरीचे गुण असेच जातील. मी काही मागितलं नाही. फक्त म्हटलं, "तुम्हीच पाहा."

सांज झाली. दिवा लावला, तोंड मिटलं. पीठ मळलं, परात ओढली, पहिली भाकरी थापायला घेतली. छकुली आतल्या खोलीत होती. दार अर्धं लोटलेलं, आणि तिचं मोठ्यानं पाठ करणं इकडे ऐकू येत होतं. उष्णतेचं काहीतरी. थापण्याच्या तालावर मी ऐकत होते. ऐकता ऐकता एक वाक्य असं आलं, की त्याच्या मागचं वाक्य आणि ते, दोन्ही जुळेनात. माझा हात थांबला. मी थांबवला नाही, सवयीनंच थांबला.

थापण्याचा आवाज बंद झाला. आणि आत छकुलीही गप्प झाली.

चुलीत काटकी तडतडली. मग तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, हळू. माझा हात तसाच. भाकरीची कड सुकून चिरू लागली होती.

"काऊन..." आतून तिचा आवाज आला. विचारल्यासारखा नाही, स्वतःला आठवल्यासारखा. मग ती सांगू लागली. आधी चाचपडत, मग मध्येच "नाही नाही, थांब" म्हणत, मग सरळ. दोन्ही वाक्यं जुळली. माझा हात पुन्हा चालू झाला. भाकरी पार बिघडली होती. तो गोळा मोडून पुन्हा मळला.

मान वर केली तर छकुली दारात उभी. पुस्तक छातीशी धरलेलं.

"आई," ती म्हणाली, "तू आत्ता हात थांबवला ना?"

मी कोपऱ्यातला पाट पायानं तिच्याकडे सरकवला.

त्या सांजेपासून रोज असंच. ती सांगायची, मी थापायची. हात चालू म्हणजे समजलं, थांबला म्हणजे काऊन. माझ्या तोंडचा काऊन ती स्वतःच मोठ्यानं म्हणायची आणि स्वतःच उत्तर द्यायची. कधी उत्तर येत नसे. मग तव्यावरची करपून जाई, हातातली चिरून जाई, आणि ती चिडून म्हणे, "माय वं, थाप ना आता! एवढं तं समजलं असंन!" मी नाही थापायची. ती पुन्हा पहिल्यापासून. हे जेवायला बसले की भाकरीचा तुकडा बोटांत धरून पाहायचे. "आज लेकीचा अभ्यास जड दिसते. भाकर केवढी जाड झाली!" एखाद्या दिवशी भाकरी पातळ आणि गोल आली की म्हणायचे, "आज सगळं सोपं होतं काय वं?"

मनात एक खुटखुट होती, म्हणून अंबूबाईंना विचारलंच. "हात थांबवला तं मौन मोडते का हो?"

त्यांनी बराच विचार केला. "तोंड बंद होतं ना? मग. हाताचं कोणी पाणी सोडलं नव्हतं."

वैशाखात पेपर झाले. शेवटच्या पेपराहून आल्यावर छकुली म्हणाली, "एका जागी अडली होती आई. मग डोळे मिटले, अन् तुझा हात थांबलेला दिसला." पुढे काय झालं ते मी विचारलंही नाही. दिवा लागला होता.

निकाल लागला तो दिवस गुरुवार निघाला. मी काही मुद्दाम सांगत नाही, निघाला खरा. उपवास होता, सांजेच्या नैवेद्याला पुरण शिजत होतं. दुपारी राखीचा फोन आला आणि छकुली मोबाईल घेऊन ओसरीवर पळाली. मी पळी हातात घेऊन तशीच उभी. हे दुधाचा कॅन घासत होते, तेही थांबले.

मग ती आत आली. "शेवटच्याले आठ-सहा. सगळे मिळून सात पॉइंट पाच-दोन."

"डेअरीच्या मशीनवर सात-पाचच छापलं असतं," हे म्हणाले. "वरचे दोन तुझ्या मायचे." एवढं म्हणून पुन्हा कॅनकडे वळले आणि घासलेलाच कॅन घासत बसले.

छकुली मामाजींच्या फोटोपाशी गेली. "आबा, बारा आणे झाले. वर थोडे सुट्टे आले." मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. पुरण खाली लागलं थोडं. त्याचा वास अजून आठवतो.

सांजेला दिवा लावला. संकल्प पुरा झाला होता. महाराजांसमोर हात जोडले, आणि उठून वळले तर बापलेक दोघं माझ्या तोंडाकडे पाहत बसलेले, आता ही काय बोलते म्हणून.

"बोल ना आई," छकुली म्हणाली. "किती दिवसाचं साचलं असंन."

साचलं होतं खरं. एकच होतं, पण होतं. "ते तू चंद्रीले सांगत होती ना," मी म्हटलं, "का पसारा आपोआप होते, आवरणं आपोआप होत नाही?"

"हाव. काऊन?"

"ते मले लग्न झाल्यापासून माहीत आहे."

छकुली आधी माझ्याकडे पाहतच राहिली, मग भिंतीला टेकून हसत सुटली. हेही हसले, आणि हसता हसता खुंटीवर टाकायचा शर्ट पुन्हा खाटेवरच टाकला.

नैवेद्य दाखवला. ताटं वाढायला घेतली. पहिली पोळी परातीतून काढून तूप सोडलं, तेवढ्यात छकुलीनं हात पुढे केला.

"ती दे."

"पहिले बाबाले वाढू दे."

"त्याहिले दुसरी. ठरलं आहे तसं."

ह्यांनी ताटावरून मान हलवली. "ठरलं आहे."

तिनं पोळी केळीच्या पानावर घेतली, दुसऱ्या हातानं ओढणी सावरली. अंगणात संधिप्रकाश होता. तूप सांडू नये म्हणून पान दोन्ही हातांनी धरून ती हळूहळू गोठ्याकडे चालू लागली. चंद्रीनं तिचा पाय ओळखून आतून एकदा आवाज दिला.